सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: ईसीएम बदलण्याआधी काय तपासावे

जुळे सोलापुरातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे दहा-अकरा वर्षे जुनी पेट्रोल गाडी असून तिला नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेले आहे. मे महिन्यात अक्कलकोटला दर्शन घेऊन दुपारी परत निघताना सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरला, पण गाडी स्टार्ट झाली नाही. तासाभराने मात्र पहिल्याच सेल्फला झाली. त्यानंतर असे वरचेवर घडू लागले, तेही बहुधा दुपारीच. एका गॅरेजमध्ये टाकीतला पेट्रोल पंप बदलला, पण फरक पडला नाही. आता दुसऱ्या गॅरेजने ईसीएम, म्हणजे इंजिनचे काम चालवणारा संगणक, गेल्याचे सांगितले असून तो खर्च त्यांना जड आहे. ईसीएम बदलावा का आणि खरा दोष कसा शोधावा, असे त्यांनी विचारले आहे.

सर, ईसीएम आत्ता बदलू नका. ईसीएम खराब होतच नाही असे मी म्हणणार नाही, पण तो खराब आहे हे सिद्ध करण्याची एक पद्धत असते आणि ती तुमच्या गाडीवर वापरली गेल्याचे तुमच्या वर्णनातून दिसत नाही. ईसीएमला पुरवठा नीट मिळतो आहे, त्याचे अर्थिंग पक्के आहे, सेन्सरांकडून येणारे संकेत त्याच्यापर्यंत पोहोचत आहेत, आणि तरीही तो प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलला व पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला हुकूम सोडत नाही, एवढे मोजून दाखवले तरच दोष त्याच्या माथी मारता येतो. सकाळी थंड असताना जी गाडी एका सेल्फला स्टार्ट होते आणि दुपारी गरम असताना होत नाही, तिच्याबाबत तर उष्णतेने बिघडणाऱ्या लहान आणि स्वस्त गोष्टी आधी तपासायला हव्यात.

मुळात सेल्फ जोरात फिरतो याचा अर्थ बॅटरी, स्टार्टर मोटर आणि तिची वायरिंग ढोबळमानाने ठीक आहे. आता इंजिन पेटायला योग्य दाबाने आलेले पेट्रोल, योग्य वेळी पडणारा करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये पुरेसे कॉम्प्रेशन एवढे लागते. यांपैकी नेमके काय गायब आहे हे ठरवणे हेच खरे काम आहे, आणि ते काम गाडी अडून बसलेली असतानाच करावे लागते. गाडी टो करून संध्याकाळी गॅरेजला आणली, तोवर ती थंड झाली, मेकॅनिकने सेल्फ मारला आणि ती स्टार्ट झाली, की पुढे जे होते तो केवळ अंदाज असतो. तुमचा पंप अशाच अंदाजाने बदलला गेला असावा.

म्हणून पुढच्या वेळी गाडी अडेल तेव्हा घाई न करता जागेवरच काही गोष्टी पाहून कागदावर लिहून ठेवा. चावी ऑनवर आणा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होईपर्यंत तो लागलेलाच राहिला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बल्ब गेलेला नाही असे गृहीत धरून, ईसीएमला पुरवठाच मिळत नाही असे समजावे. मग मेन रिले (विजेने चालणारा स्विच), फ्यूज आणि अर्थिंग पाहावे लागते, ईसीएम नव्हे. त्याच वेळी मागच्या सीटजवळ कान देऊन ऐका. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद बारीक घुर्र आवाज करून थांबतो. इमोबिलायझर म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. तिचा दिवा, म्हणजे चावीचे किंवा कुलूप लावलेल्या गाडीचे चित्र, सारखे लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहा आणि पहिल्या चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिप असलेली चावी असेल तर ती बाजूला काढा. त्यानंतर सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे पाहा. बऱ्याच गाड्यांमध्ये सेल्फ फिरताना तो काटा किंचित उचलला जातो. तो शून्यावर चिकटून राहिला तर ती खूण मोलाची आहे, तिच्याकडे मी पुढे येतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे. स्टार्टर मोटर तापून जळते हे एक कारण झाले. शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठते आणि गाडी एकदम पेटली की तो महागडा भाग वितळतो. धक्का मारून गाडी स्टार्ट करण्याचा आग्रहही याच कारणाने धरू नये. सेल्फ फिरतच असेल तर धक्क्याने वेगळे काही साधत नाही.

बॅटरीविषयी मात्र एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, पण सेल्फ मारताना ते व्होल्टेज ९.६ च्या खाली उतरू लागले तर सेल्फ फिरत असूनही ईसीएम मध्येच बंद पडू शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की जुन्या बॅटऱ्या भराभर खचतात. मल्टिमीटरच्या तारा बॅटरीच्या टर्मिनलला लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगणे एवढीच ही तपासणी आहे आणि ती कोणत्याही गॅरेजमध्ये मिनिटभरात होते.

आता पेट्रोल. उन्हाळ्यात गाडी गरम होऊन अडली की आपल्याकडे अजूनही अनेक जण पाइपात पेट्रोलची वाफ धरली असे म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळात ते खरे होते. पद्मिनीच्या किंवा जुन्या मारुती ८००च्या इंजिनवर असलेल्या पंपाला ओले फडके गुंडाळून माणसे पुढे जात, आणि तो उपाय योग्यच होता. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप टाकीत असतो आणि पाइपातले पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाखाली असते, त्यामुळे दाब टिकून असेल तर वाफ सहसा धरत नाही. दाब टिकत नसेल, म्हणजे पंपातली झडप गळत असेल किंवा एखादा इंजेक्टर ठिबकत असेल, तर गरम गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. पण तेव्हा चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू दिला की ती बहुधा पेटते. हा प्रयोग तुम्ही स्वतः करू शकता.

तुमचा पंप नवा आहे, म्हणून पेट्रोलचा प्रश्न मिटला असे मात्र नाही. नव्या पंपालाही करंट लागतो. गाडी अडलेली असताना मागच्या सीटखालचा पंपाचा कनेक्टर काढून तिथे मल्टिमीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावावा, असे मी मुद्दाम सांगतो. मल्टिमीटर अतिशय कमी करंटवर चालत असल्याने वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो आणि मेकॅनिक फसतो. बल्ब मात्र मंद पेटतो आणि वायर किंवा रिले कमजोर असल्याचे उघड करतो. बल्ब मंद असेल तर रिले बदलून पाहणे सोपे आहे, कारण बहुतेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच पिनांचा आणि त्याच क्षमतेचा असतो. बल्ब लख्ख पेटत असेल तर प्रेशर गेज लावून दाब मोजावा. पेट्रोलची लाइन उघडण्याआधी दाब उतरवावा, इंजिन थंड होऊ द्यावे आणि आसपास विडी-सिगारेट पेटलेली नसावी, हे सांगावे लागू नये; पण प्रत्यक्षात सांगावे लागते.

सीएनजी वापरणाऱ्यांची एक सवय इथेच सांगतो. गॅस स्वस्त म्हणून टाकीत जेमतेम रिझर्व्हपुरते पेट्रोल ठेवले जाते आणि तेच महिनोन्‌महिने राहते. त्यातले लवकर पेटणारे हलके घटक आपल्या उन्हात उडून जातात आणि उरलेले पेट्रोल स्टार्टिंगला कामाचे राहत नाही. शिवाय टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो आणि अनेक किटांमध्ये गाडी गॅसवर चालतानाही तो फिरत असतो, म्हणून कोरड्या टाकीत तो लवकर जळतो. टाकी निदान पाव तरी भरलेली असावी. पेट्रोलविषयी शंका असेल तर थोडेसे स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून सावलीत स्थिर ठेवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते थोडेफार पाणी सामावून घेते, पण पाणी जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. पंपाची नळी नेमकी तळातून ओढते. बाटलीत अशी रेघ दिसली तर टाकी रिकामी करून धुण्याशिवाय उपाय नाही.

करंट तपासताना प्लग काढून हाताने बॉडीला टेकवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. आजच्या कॉइल वीस हजारांहून अधिक व्होल्ट देतात. माणसाला झटका बसतो आणि उघड्या ठिणगीने कॉइल किंवा ईसीएम दुखावू शकतो. स्पार्क टेस्टर फार महाग नसतो, तो लावावा. प्लग काढलेच तर त्यांचे टोक नीट पाहावे: कोरडे असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, पेट्रोलने भिजलेले असेल तर करंट नाही किंवा इंजिन फ्लड झाले आहे (सिलिंडरमध्ये जादा पेट्रोल साचले आहे), आणि काळी मऊ काजळी असेल तर मिश्रण बराच काळ घट्ट चालले आहे. इंजिन फ्लड झाले असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत तसे केल्यावर ईसीएम पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर कोरडे होतात.

तुमच्या गाडीच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा भाग आता येतो. करंट आहे पण पेट्रोल नाही, किंवा पेट्रोल आहे पण करंट नाही, असे आढळले तर शोध त्या-त्या वाटेने जातो. पण करंट आणि इंजेक्टरचे पल्स (तो उघडण्याचे संकेत) दोन्ही एकाच वेळी गायब असतील, तर मेकॅनिकला वाटते की सगळ्यांचा मालक ईसीएम, म्हणजे तोच गेला. इथेच घात होतो. ईसीएमला इंजिन फिरत असल्याचे कळते ते क्रँक सेन्सरमुळे. फ्लायव्हीलच्या किंवा क्रँक पुलीच्या बाजूला दातांसमोर बसवलेला हा अंगठ्याएवढा भाग संकेत देईनासा झाला की ईसीएमच्या लेखी इंजिन उभेच आहे. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावर चिकटून राहण्याची खूण मोलाची म्हटली ती यामुळेच. मग तो करंट सोडत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांनंतर पंपही चालवत नाही. काही गाड्या कॅम सेन्सरच्या (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या) आधाराने बऱ्याच सेल्फनंतर पेटतात, पण सगळ्या नाही. यात ईसीएमचा काही दोष नसतो. सुरक्षिततेसाठी त्याने असेच वागायला हवे.

अनेक गाड्यांत या सेन्सरमध्ये लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेची कॉइल असते. तारेला कुठे तडा गेला असेल तर थंडीत तिची टोके एकमेकांना टेकलेली राहतात आणि गरम झाले की दुरावतात. गाडी चालू असताना पंख्याची आणि वाऱ्याची हवा लागत असते. गाडी बंद केली की कूलंट फिरायचे थांबते, बोनेटखाली उष्णता कोंडते आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटे ती वाढतच जाते. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटर चालून आलेली गाडी अक्कलकोटच्या उन्हात उभी राहिली, तुम्ही दर्शन घेऊन आलात आणि ती अडली, तासाभराने निवली आणि पेटली, हा क्रम या दोषाशी तंतोतंत जुळतो.

तपासणी अशी करावी. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारे यंत्र) लावून लाइव्ह डेटामध्ये आरपीएम उघडावा आणि सेल्फ मारावा. सेल्फवर इंजिन साधारण २०० ते २५० आरपीएमने फिरते. तेवढा आकडा दिसला तर सेन्सर जिवंत आहे. सेल्फ जोरात फिरत असताना शून्य दिसले तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा ईसीएमपर्यंतची वायर यांपैकी एक तुटलेले आहे. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड मिळाला तर उत्तमच, पण कोड नाही म्हणून सेन्सर चांगला आहे असे धरू नये, कारण संकेतच नसेल तर इंजिन फिरते आहे हेच बऱ्याच ईसीएमना कळत नाही आणि कोड नोंदलाच जात नाही. त्यानंतर सेन्सरवर गार पाणी हळूहळू सोडावे किंवा ओले फडके पाच-सात मिनिटे धरावे. तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी पडू देऊ नये. तेवढ्याने गाडी पेटली तर पुरावा हातात आला. दोन वायरींचा सेन्सर असेल तर गरम आणि थंड अशा दोन्ही वेळा रेझिस्टन्स मोजून घ्यावा. तीन वायरींचा हॉल प्रकारचा, म्हणजे कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, असेल तर रेझिस्टन्स मोजण्यात अर्थ नाही, त्याचा संकेतच पाहावा लागतो.

सेन्सर काढताना कनेक्टरकडे मात्र अगदी जवळून पाहा. त्याची प्लास्टिकची खिटी मोडलेली असते आणि कोणीतरी काळी टेप गुंडाळून काम भागवलेले असते. आत पिनेवर हिरवट बुरशी चढलेली असते किंवा इंजिनचे ऑइल झिरपलेले असते. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस मिशीसारखा चिकटलेला असेल तर तोही संकेत बिघडवतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तर आता नेहमीच्याच झाल्या आहेत, विशेषतः गाडी अनेक दिवस अंगणात उभी असेल तर. हे सगळे नवा सेन्सर न घेता सुटते.

सेन्सर आणि वायरिंग निर्दोष निघाले तर पुढचा संशय सीएनजी किटच्या वायरिंगवर घ्यावा, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी तोडून किटच्या कंट्रोलरमधून फिरवलेल्या असतात, जेणेकरून गॅसवर असताना पेट्रोल बंद राहावे. तो कंट्रोलर तापून बिघडला किंवा त्याचा एखादा जोड सैल झाला, तर ईसीएम हुकूम सोडतो पण इंजेक्टरपर्यंत तो पोहोचत नाही. किट बसवणाऱ्याकडून कंट्रोलर पूर्ण बाजूला काढून मूळ वायरी थेट जोडून घ्याव्यात आणि गाडी अडलेली असताना पेट्रोलवर पाहावे. चोरी रोखण्यासाठी बाहेरून बसवलेली सेंट्रल लॉक यंत्रणा किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर तेही पाहावे, कारण अशा यंत्रणा बऱ्याचदा पंपाच्या किंवा इग्निशनच्या वायरीत आपला रिले घुसवतात.

कूलंटचा तापमान सेन्सरही एकदा पाहून घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके दिसले पाहिजे. मे महिन्यात सोलापुरात कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलेली आहे, आणि ईसीएमने पर्यायी आकडा धरला नाही तर तो गरम इंजिनात भरमसाट पेट्रोल ओतून ते फ्लड करतो.

कॉम्प्रेशनचा दोष तुमच्या गाडीत मला संभवत नाही, कारण तो तासाभरात बरा होत नाही. पण दुसऱ्या कोणाची गाडी चालता चालता एकदम बंद पडली असेल आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, मोकळा, एकसुरी फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता धरून सेल्फ ताबडतोब थांबवावा. अनेक इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात. प्रत्येक जादा सेल्फ हेडचे काम वाढवतो. आधी वरचे कव्हर उघडून बेल्ट पाहावा.

डिझेल गाडीची वाट थोडी वेगळी आहे. तिथे करंटचा प्रश्नच नाही. फिल्टर बदलल्यानंतर किंवा डिझेल पूर्ण संपल्यानंतर लाइनमध्ये हवा धरली असेल तर हातपंपाने एअर काढावी; फिल्टरच्या तळाचा नळ उघडून पाणी येते का पाहावे; आणि कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना जास्त दाबाचे डिझेल पुरवणारी सामाईक नळी) असेल तर सेल्फवर रेल प्रेशर, म्हणजे त्या नळीतला दाब, पाहावे. ते साधारण २०० बारच्या आसपास पोहोचले नाही तर बहुतेक ईसीएम इंजेक्टर उघडतच नाहीत, आणि त्याचे कारण बरेचदा परतीच्या नळीतून जास्त डिझेल सोडणारे झिजलेले इंजेक्टर असतात. हिटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नये, स्फोट होऊन पिस्टन फुटतो.

तुमच्या गाडीसाठी मी हाच क्रम धरीन: सेल्फवर बॅटरीचे व्होल्टेज, स्कॅनरवर आरपीएम, सेन्सर गार करून पाहणे, कनेक्टर आणि वायर, मग सीएनजीचा कंट्रोलर. गॅरेजला सांगा की दुपारी गाडी चालवून आणून गरम असतानाच तपासावी आणि प्रत्येक मोजमाप तुम्हाला दाखवावे. एवढे करूनही आरपीएम दिसतो, पुरवठा आणि अर्थिंग पक्के आहे, तरी ईसीएमच्या पिनेवर कॉइलचा व इंजेक्टरचा हुकूम निघत नाही असे दिसले, तर ईसीएम खरोखर दोषी आहे. तेव्हाही नवा घेण्याआधी तो उघडून दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवावा, कारण उष्णतेने सुटलेली झाळ किंवा एखादा जळालेला ड्रायव्हर (कॉइल किंवा इंजेक्टर चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक भाग) बदलून तो बरेचदा चालू होतो. जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणणार असाल तर इमोबिलायझर आणि चाव्या त्याच्याशी जुळवून देण्याचे काम त्याच पैशांत होणार का, हे आधी ठरवून घ्या. ते न झाल्यास चांगला ईसीएम बसवूनही सेल्फ फिरेल आणि गाडी स्टार्ट होणार नाही.